रस्सा कुणी रांधला, फोडी कुणाला?

आखाड आला की जुन्नर-आंबेगावच्या घराघरांतून भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा वास येऊ लागतो. श्रावण लागायच्या आत कोंबडी व्हायलाच हवी, असा शिरस्ता. पण याच दिवसांत भीमाशंकरच्या बाजूला भाताची लावणी चालते आणि चिखलात दिवसभर वाकलेली असते ती बाई. संध्याकाळी पाय धुऊन तीच चुलीपुढे बसते. सण घराचा, दुसरी पाळी मात्र तिची एकटीची.

एका रश्श्यामागचं काम मोजून पाहा. कोंबडी धुऊन हळद-मीठ लावायचं, सुकं खोबरं आणि कांदा भाजायचा, आलं-लसूण-कोथिंबीर घालून वाटायचं, वीज गेली तर पाट्यावर. भाकऱ्या थापायच्या. काळा मसाला तर तिनं उन्हाळ्यातच मिरच्या वाळवून केलेला असतो, तो हिशेबातच नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या शंभरातल्या ८१ बायका घरकाम करताना आढळल्या, पुरुष फक्त २६. हे काम करणाऱ्या बाईची तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७.

आणि इतकं करून तिच्या ताटात काय येतं? कोंबडी एक, खाणारे आठ. फोडी आधी पाहुण्यांना, मग पुरुषांना, मग मुलांना. तिला उरतो पातेल्याच्या तळाचा रस्सा. "मला नाही आवडत फोडी," असं ती म्हणते. ही आवड तिला लहानपणापासून शिकवलेली असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, पुरुषांत हेच प्रमाण सुमारे २२. पाळी आणि बाळंतपणं हे त्याचं एक कारण आहेच. पण ताट हेही कारण आहे. लोहाच्या गोळ्या वाटल्यानं ताटातला भेदभाव जात नाही.

कोंबडी पुरवायची तर रश्श्यात पाणी वाढवण्यापेक्षा पावटे घालावेत. सुके पावटे रात्रभर भिजवून आधी निम्मे शिजवून घ्यावेत, कारण ब्रॉयलर कोंबडी लवकर शिजते आणि पावटे मागे राहतात. मग मसाल्यात दोन्ही एकत्र. पावट्यातलं लोह एरवी अंगाला कमी लागतं, सोबत मांस असलं की जास्त लागतं. वर लिंबू पिळलं तर उत्तमच. जेवणावर लगेच चहा मात्र नको, त्यानं लोह अडतं. पण हा फायदा फोड ताटात पडली तरच. कोंबडी परवडत नसेल तेव्हा नुसते पावटे करावेत, तेही सगळ्यांना सारखे.

घाट उतरून रायगडात गेलं, की थंडीत पोपटी लागते. मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, भांबुर्ड्याचा पाला. शेतात जमलेले पुरुष हौसेनं ती लावतात, जाळ सांभाळतात, वाढतातही. म्हणजे पुरुषांच्या हाताला रांधणं येतं. उघड्यावर केलं की ती हौस ठरते, घरातल्या चुलीवर मात्र ते बायकी काम होतं. ही वाटणी निसर्गानं केलेली नाही.

काहीजणी म्हणतील, हिंसाचार, जमीन, मजुरी असे प्रश्न असताना फोडींचं काय घेऊन बसलात? पण नारायणगावच्या टोमॅटोत किंवा सातगाव पठाराच्या बटाट्यात राबणाऱ्या बाईला मजुरी वाढवून मागायची तर आधी अंगात रक्त हवं. आणि स्वतःच्या घरात ज्या वाट्यावर आपण हक्क सांगत नाही, तो बाहेर मागताना जीभ अडखळते.

म्हणून पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कोंबडी झाली त्या दिवशी वाटण कुणी वाटलं, वाढलं कुणी, शेवटी कोण जेवलं, हे प्रत्येकीनं सांगावं. घरी सगळ्यांनी एकाच पंगतीला बसावं, फोडी मोजून वाढाव्यात आणि भांडी पुरुषांनी घासावीत. भांडण होईल. ते होऊ द्यावं.