धूड जड, हात हलका

महाकाय यंत्रमानवाचा गेम घडवणाऱ्यापुढे सुरुवातीपासून एक पेच असतो. पडद्यावरचे धूड खरोखर जड आहे, हे खेळणाऱ्याला पटले पाहिजे आणि त्याच धुडाने त्याच्या अंगठ्याचे ऐकलेही पाहिजे. वजन दाखवायचे म्हणून सगळेच मंद करून टाकण्याचा सोपा उपाय अनेकदा केला जातो. बटण दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नाही. खेळणाऱ्याला त्यात वजन जाणवत नाही, गेम अडकल्यासारखा वाटतो. आमच्या मते जडपणा यंत्राच्या देहात असावा, आज्ञा पोचण्यात नसावा.

‘मेकवॉरियर’ मालिकेने हा फरक चांगला ओळखला आहे. तिथली यंत्रे २० ते १०० टनांची. १९९५च्या ‘मेकवॉरियर २’मध्ये पाय एका दिशेने चालत राहतात आणि धड दुसरीकडे वळवून नेम धरता येतो, रणगाड्याच्या बुरुजासारखा. नवखा इथे हमखास गोंधळतो. नेमबाजीच्या इतर गेममध्ये नजर, बंदूक आणि पावले एकाच दिशेला असतात. इथे शत्रूकडे पाहत ‘पुढे’ जावे, तर यंत्र भलत्याच टेकडीला जाऊन धडकते. म्हणून पाय कुठे वळले आहेत, हे पडद्यावर सतत दिसत राहणे अत्यावश्यक आहे.

पुढे ‘मेकवॉरियर ऑनलाइन’मध्ये नेमाच्या दोन खुणा आल्या: हातांवरच्या शस्त्रांसाठी वर्तुळ, धडावरच्या शस्त्रांसाठी फुली. माउस हलवला की वर्तुळ चटकन लक्ष्याकडे जाते आणि फुली मागून रेंगाळत येते. दोन खुणांमधल्या त्या अंतरात वजन दिसते. आत्ताच हातातले शस्त्र चालवायचे की धड वळेपर्यंत थांबून सगळा मारा एकदम करायचा, हा खेळातला खरा निर्णयही तिथेच जन्मतो. ज्यांना हे झेपत नाही, त्यांना दोन्ही खुणा एकत्र बांधून ठेवण्याची सोय आहे. ही सोय कमीपणाची मानू नये. शिकण्याची ती पहिली पायरी आहे.

सेगाच्या ‘व्हर्च्युअल ऑन’ने १९९५ मध्येच आर्केडवर निराळी वाट धरली. दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की यंत्र पुढे, एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी गिरकी, दोन्ही बाहेर फाकवले की उडी. पोकलेन चालवणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्या यंत्राचे पट्टेही असेच फिरतात. उडी मारली की यंत्र आपोआप शत्रूकडे तोंड करते, त्यामुळे दोन्ही हात हालचालीसाठी मोकळे राहतात.

साधन बदलले की भाषाही बदलावी लागते. १९९७चा पहिला ‘आर्मर्ड कोअर’ प्लेस्टेशनच्या दांडे नसलेल्या कंट्रोलरसाठी बनला होता. वर-खाली पाहायचे, तेही खांद्याच्या बटणांनी. शत्रू उडणारा असला की बोटांची कसरत होई. २०२३च्या सहाव्या भागात उजव्या दांड्याने नजर फिरते आणि तोच दांडा दाबला की नजर लक्ष्याला चिकटते.

सहज म्हणजे कमी बटणे, हा समज मात्र कॅपकॉमच्या ‘स्टील बटॅलियन’ने खोटा ठरवला. २००२च्या त्या गेमसोबत सुमारे ४० बटणे, दोन दांडे आणि तीन पेडल असलेला अवाढव्य कंट्रोलर येई. प्रत्येक बटणाला आपली जागा आणि आपले काम. यंत्रातून बाहेर पडण्याचे बटण झाकणाखाली. ते वेळेवर दाबले नाही तर चालक मरे आणि साठवलेला खेळही पुसला जाई. शिकायला वेळ लागे, पण एकदा बसलेला हात चुकत नसे. २०१२ मध्ये त्याच मालिकेत बऱ्याच कळांची जागा कायनेक्टच्या कॅमेऱ्यासमोर केलेल्या हातवाऱ्यांनी घेतली. हात एका कामासाठी पुढे करावा आणि यंत्राने दुसरेच करावे, अशा तक्रारी समीक्षकांनी आणि खेळणाऱ्यांनी भरभरून केल्या. हवेत पुढे केलेल्या हाताला कळीचा स्पर्श होत नाही. आज्ञा पोचली की नाही, हे बोटांना कळायला मार्गच उरला नव्हता.