पत्ता : विरार

ऐंशीच्या दशकात लग्नाच्या बाजारात विरारचा मुलगा म्हणजे दोन गुण कमी असलेलं स्थळ. नोकरी बँकेतली असो नाहीतर मंत्रालयातली, पुढचा प्रश्न ठरलेला, "राहायला कुठे?" उत्तर ऐकलं की समोरच्या मावशी चहाचा कप खाली ठेवून म्हणत, "अगं बाई, एवढ्या लांब!" नोकरीच्या मुलाखतीतही तेच. पत्ता वाचतानाच साहेबाला हजेरीपटावरच्या लाल रेघा दिसू लागत. मुंबईकडे जाणारी पहिली उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 रोजी आमच्या विरारहूनच सुटली, हा मुद्दा मावशींपुढेही चालला नाही आणि साहेबापुढेही.

गोविंदा याच प्रश्नातून वर आला. माझं तर मत आहे की त्याची सगळी कॉमेडी म्हणजे या एका प्रश्नाला दिलेलं दहा-बारा सिनेमांचं लांबलचक उत्तर आहे.

तसं पाहिलं तर तो खानदानी कलावंताच्या घरातला. वडील अरुणकुमार आहुजा हे मेहबूब खान यांच्या 'औरत'मधले (1940) नट. याच चित्रपटावरून पुढे 1957 साली 'मदर इंडिया' आला. 'मदर इंडिया'त राज कुमारने केलेली नवऱ्याची भूमिका मूळ चित्रपटात अरुणकुमारांची होती. आई निर्मलादेवी बनारसच्या, पतियाळा घराण्याच्या तालमीतल्या, ठुमरी गाणाऱ्या. लक्ष्मी शंकर यांच्याबरोबरची त्यांची ध्वनिमुद्रिका दर्दी लोक आजही जपून ठेवतात. मग वडिलांनी चित्रपट काढला, तो बुडाला, आणि कुटुंब वांद्र्याच्या कार्टर रोडवरचा बंगला सोडून विरारला आलं. गोविंदा सहा भावंडांत धाकटा, जन्म 21 डिसेंबर 1963चा. त्याने वैभव पाहिलं ते घरातल्या गोष्टींमध्ये; प्रत्यक्षात पाहिली ती विरार गाडी.

वसईच्या अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयातून त्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली. आमच्या भागातल्या कुठल्याही सरळमार्गी मुलासारखीच. नंतर नोकरीसाठी मुंबईच्या एका बड्या हॉटेलात गेला आणि इंग्रजी येत नाही म्हणून परत पाठवला गेला, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय. आणखी एक आठवण तो सांगतो : आई गर्दीत गाडीत चढू शकत नव्हती, एकामागून एक गाड्या सुटत होत्या, ते बघवेना म्हणून त्याने उसने पैसे आणून तिच्यासाठी फर्स्ट क्लासचा पास काढला. या आठवणीचं खरंखोटं विरारमध्ये कोणी तपासत बसणार नाही. इथल्या प्रत्येक घरात अशी एक आई आहे.

नाच त्याने परदेशी सिनेमे आणि व्हिडिओ कॅसेट बघून घटवला, स्वतःच्या नाचाची कॅसेट तयार केली आणि ती घेऊन निर्मात्यांचे उंबरे झिजवले. 1986 मध्ये पहलाज निहलानींचा 'इल्जाम' आला आणि विरारचा मुलगा पडद्यावर थिरकला. त्यानंतर एकाच वेळी हातात घेतलेल्या चित्रपटांचा आकडा तो स्वतः सत्तरच्या घरात सांगतो. चार-चार शिफ्ट करणाऱ्या माणसाचं आम्हाला अप्रूप वाटलं नाही. पहाटे निघून रात्री परतणं हा आमच्या गावाचा धर्मच.

नाचाबद्दल माझी एक खासगी उपपत्ती आहे. गोविंदाचा नाच नीट बघा. हात-पाय फेकून पडदा व्यापायची त्याला गरज पडत नाही. कंबर, खांदे, मान, भुवया आणि ओठांचा एक कोपरा एवढ्यावर तो अख्खं गाणं पेलतो. नायिका आणि मागचे पन्नास जण घाम गाळत असतात, आणि हा दीड फुटात उभा राहून आपली नजर खिळवून ठेवतो. हे कौशल्य चौथ्या सीटचं आहे. विरार फास्टमध्ये तिघांच्या बाकावर चौथा म्हणून जो अर्ध्या मांडीवर बसतो, पेपर वाचतो, डबा खातो आणि वर हसूनही दाखवतो, त्याला हे आपोआप येतं.

पण नाच हा निम्मा गोविंदा. उरलेला निम्मा डेव्हिड धवन यांच्याबरोबर जमलेल्या जोडीत आणि कादर खान यांच्याबरोबरच्या जुगलबंदीत सापडतो. 'कुली नंबर वन'ची (1995) गोष्ट आठवा. कादर खानचा चौधरी श्रीमंत जावई हवा म्हणून स्थळ आणणाऱ्याला अपमान करून हाकलतो. तो मध्यस्थ म्हणजे आपले सदाशिव अमरापूरकर. मग ते सूड म्हणून एका हमालाला कपडे चढवून राजकुमार म्हणून उभा करतात. 'राजा बाबू'तला (1994) नायक वकील, डॉक्टर, पोलीस असे वेश घालून नुसते फोटो काढून घेतो. 'हीरो नंबर वन'मध्ये (1997) श्रीमंताचा मुलगा प्रेयसीच्या घरी नोकर होतो. आणि 'दुल्हे राजा'मध्ये (1998) तर तो पंचतारांकित हॉटेलच्या नाकासमोर ढाबा थाटून मालकाच्या नाकी नऊ आणतो. ज्याला बड्या हॉटेलाने इंग्रजीवरून परत पाठवलं, त्याने हे केलं! पटकथा त्याने लिहिली नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण ते ढाबेवाल्याचं हसू त्याचं स्वतःचं होतं.

या सगळ्या नायकांना कोणी ना कोणी विचारतं, "तू कोण? कुठला?" आणि ते तोंडाला येईल ती थाप इतक्या बेफिकिरीने मारतात की विचारणाराच ओशाळतो. शहाण्या समीक्षकांनी याला थिल्लर म्हटलं. त्याचे भडक पिवळे-केशरी कपडे तर चेष्टेचा विषय झाले. विरारला ते कधी खटकले नाहीत. जो आयुष्यभर गर्दीत दिसेनासा होतो, त्याला आपला माणूस लांबून दिसला तर बरंच वाटतं. 1999 साली बीबीसीने इंटरनेटवर सहस्रकातला सर्वांत मोठा कलावंत कोण, असा कौल घेतला. त्यात अमिताभ पहिला आला आणि गोविंदा दहावा. इंग्लंडातल्यांना हा दहावा कोण, हे शोधावं लागलं असेल. आम्हाला विचारलं असतं तर पत्ता सांगितला असता.

इथपर्यंत हिशेब गोड आहे. पुढे 2004 साल येतं.

तेव्हा उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात वसई-विरारही येत असे. खासदार होते राम नाईक; 1989 पासून सलग पाच वेळा निवडून आलेले. 1964 साली गोरेगाव प्रवासी संघ काढून त्यांनी सार्वजनिक कामाला सुरुवात केली होती, रेल्वे राज्यमंत्रिपद सांभाळलं होतं, आणि लोकलचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असावं अशी त्यांची ख्याती होती. समोर काँग्रेसचा उमेदवार म्हणून गोविंदा. एकाने गाडीचा अभ्यास केलेला, दुसऱ्याने गाडीत धक्के खाल्लेले. मतदारांनी धक्के खाल्लेला निवडला. 48 हजारांहून अधिक मतांनी.

त्या निकालात अविचार होता असं मला अजूनही वाटत नाही. पत्त्यावरून आयुष्यभर टोमणे ऐकलेल्या माणसांनी आपला पत्ता दिल्लीला धाडला होता. पण पडद्यावरचा जिव्हाळा आणि कार्यालयातली उपलब्धता या वेगळ्या गोष्टी निघाल्या. संसदेतली त्याची हजेरी तुरळक राहिली, मतदारसंघात तो दिसत नाही म्हणून सतत टीका झाली. बोरिवली-विरार चौपदरीकरण 2007 मध्ये पूर्ण झालं खरं, पण ते अनेकांच्या अनेक वर्षांच्या रेट्याचं फळ होतं. 2009ची निवडणूक त्याने लढवली नाही. मतदारसंघांच्या फेररचनेत आम्हीही तोवर उत्तर मुंबईतून पालघरमध्ये गेलो होतो.

सिनेमातही तेव्हा ओहोटी होती. 2007च्या 'पार्टनर'ने थोडी भरती आणली, पण मल्टिप्लेक्सचा प्रेक्षक वेगळा होता आणि शिट्टी मारणारा स्टॉलचा प्रेक्षक घरी टीव्हीवर त्याचे जुने सिनेमे बघत होता. मार्च 2024 मध्ये तो एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत दाखल झाला, तेव्हा आमच्या डब्यात त्यावर दोन स्टेशनं चर्चा झाली आणि मग विषय पाण्यावर गेला.

गोविंदाने विरारला काय दिलं, असं तरुण पोरं विचारतात. खासदार म्हणून, फार थोडं. नट म्हणून, पुष्कळ. "विरार" हे उत्तर मान खाली न घालता देता येतं, हे त्याने आमच्या पिढीला दाखवलं. ते प्रेम मतपेटीतून वसूल करायला गेलो, तिथे आमचा हिशेब चुकला. प्रेमाची परतफेड त्याने तिकीटबारीवर आधीच केली होती.

आता बोरिवली-विरार पाचव्या-सहाव्या मार्गाचं काम चालू आहे, आणि निवडणुका काही थांबत नाहीत. पुन्हा कोणी ओळखीचा चेहरा मंचावर येऊन "मीही याच गाडीने धक्के खाल्लेत" म्हणाला, तर टाळ्या जरूर वाजवू. त्यानंतर माईक मागून घ्यायचा आणि विचारायचं, "तुम्ही पूर्वी कुठल्या गाडीने गेलात ते कळलं, साहेब, आमच्या गाड्या कधी वाढवताय?"