फटफटीवरील वानप्रस्थ

गेल्या आषाढात आमच्या आर्वी गावातील एका सुशिक्षित घरी आम्हांस मध्यस्थ म्हणून बोलावणे आले. वाद इस्टेटीचा नव्हता, लग्नाचाही नव्हता. वाद होता एका फटफटीचा. घरचे वडीलधारे गृहस्थ माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय वर्षे एकाहत्तर. फिर्यादी त्यांचे दोन पुत्र, एक पुण्यास व दुसरा नागपुरास नोकरीस. फिर्याद अशी की, बाबा ह्या वयात मोटारसायकलवर बसून आठ-आठ दिवस घराबाहेर राहतात, वाटेल तेथे तंबू ठोकून निजतात, आणि लोक हसतात. किल्ली धाकट्याने आधीच आपल्या खिशात घातली होती. आम्ही गावातले प्राध्यापक आणि शिवाय गुरुजींचेच जुने विद्यार्थी. पदार्थविज्ञानाचे पहिले धडे आम्ही आठवीत त्यांच्याच हाताखाली गिरविले. तेव्हा आमचा शब्द ते मोडणार नाहीत, असा मुलांचा हिशेब होता.

हिशेब बरोबर निघाला, ह्याची आम्हांस आज लाज वाटते. आम्ही अर्धा तास बोललो. म्हातारपणची हाडे, रक्तदाब, रात्रीचे ट्रक, लोकापवाद, मुलांच्या जिवाला लागणारा घोर, काही म्हणून बाकी ठेविले नाही. गुरुजींनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. विद्यार्थी प्राध्यापक झाला म्हणून त्यालाही 'सर' म्हणणारा हा मनुष्य. ते एवढेच म्हणाले, "सर, काय काय बंद करायचं ते तुम्ही सांगितलं. आता सकाळी उठून करायचं काय, ते सांगा न." आम्ही वाचन, नातवंडे, देवदर्शन असे काहीसे पुटपुटलो आणि चहा घेऊन घरी आलो. पुढे लिहिले आहे ते त्या दिवशीच्या आमच्याच वक्तृत्वाविरुद्ध आहे. वाचकांनी ह्यात आम्हांस वकील न समजता माफीचा साक्षीदार समजावे.

प्रथम त्या 'लोक हसतात' ह्या मुद्द्याकडे वळू. कारण मुलांच्या तोंडी भाषा काळजीची असली तरी तिच्या तळाशी हाच खडा होता. आमच्या वऱ्हाड-नागपूर प्रांतातून दरवर्षी महाशिवरात्रीस हजारो माणसे पचमढीस महादेवाला जातात. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाचा डोंगर चढतात. नागपंचमीच्या सुमारास भर पावसात नागद्वारीची यात्रा होते. तीत निसरड्या वाटा, ओढे, दऱ्या तुडवीत सत्तरीच्या आजीबाई चालतात आणि रात्री जागा मिळेल तेथे घोंगडी पसरून निजतात. त्यांना कोणी हसत नाही. घरची माणसे त्यांस वेशीपर्यंत पोचवावयास जातात. तोच मनुष्य त्याच पचमढीस त्रिशूळ न घेता, केवळ डोंगर पाहावा म्हणून गेला की तो म्हातारचळ ठरतो! म्हणजे आक्षेप डोंगराला नाही, पावसाला नाही, उघड्यावर निजण्यालाही नाही. देवाचे निमित्त न सांगता घराबाहेर पडण्याला आहे. वृद्धाने हिंडावे, पण 'मला हिंडावेसे वाटते' असे म्हणू नये, एवढीच आमच्या मध्यमवर्गाची अट. गुरुजी देवभोळ्याचे सोंग आणते तर त्यांची फटफटी फुलांच्या माळा घालून गावाने वाजतगाजत बाहेर काढली असती. त्यांनी ते आणले नाही, हा त्यांचा अपराध.

ज्यांस शास्त्राधार हवा असेल त्यांनी मनुस्मृतीचा सहावा अध्याय काढून पाहावा. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले म्हणजे गृहस्थाने घर सोडून अरण्याची वाट धरावी, असे तेथे सांगितले आहे. अर्थात त्यातील तपश्चर्येचा भाग पेट्रोलच्या टाकीत बसणारा नाही, हे आम्हीही जाणतो. तथापि पिकल्या केसांचे स्थान ओसरीवरच्या खाटेवर आहे, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. ती खाट आपण घातलेली आहे.

आणि शास्त्र दूर राहो. वर्धा जिल्ह्यातील माणसांनी तरी हा आक्षेप तोंडातून काढावयास नको होता. दांडीच्या वाटेस लागले तेव्हा, १९३० साली, गांधीजींची साठी पुरी झाली होती. सेवाग्राम त्यानंतरचे. विनोबांनी १९५१ मध्ये आमच्याच जिल्ह्यातून पाऊल बाहेर टाकिले तेव्हा त्यांचे वय पंचावन्न पूर्ण होते, प्रकृती तोळामासा होती; पवनारास ते परतले १९६४ साली. मध्ये तेरा वर्षे पायी! आम्ही स्वतः आज त्याच वयाचे आहोत आणि जिना चढताना कठड्यास धरतो. कोणी म्हणेल, कोठे भूदान आणि कोठे गुरुजींची सहल. तुलना कार्याची नाहीच. ती वयाची आहे. पंचावन्नाव्या वर्षी रस्ता संपतो, हा सिद्धान्त ह्या जिल्ह्यात तरी टिकणारा नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज तर आयुष्यभर फिरले आणि १९५६ च्या डिसेंबरात, ऐंशी वर्षांचे असता, प्रवासातच वारले.

दुसरा आक्षेप असा की, हे तंबूचे खूळ विलायती आहे. हा आक्षेप थोरल्या चिरंजिवांनी इंग्रजीतून घेतला, हे नमूद करून ठेवतो. गुरुजींच्या मागच्या पेटीत काय काय असते ते आम्ही मागाहून पाहिले. एक ताडपत्री, दोर, सतरंजी, रॉकेलचा लहान स्टोव्ह, पितळी तांब्या, कणकेची पिशवी, पाने, जादा क्लच वायर, स्पार्क प्लग, पंक्चरचे सामान. लाकूडफाटा व गोवऱ्या मिळाल्या तर ते स्टोव्ह पेटवीतच नाहीत. निखाऱ्यात रोडगे भाजतात आणि वांगी भाजून घेतात. ह्यात विलायती काय आहे? आमच्या आजोबांच्या पिढीने जत्रेच्या वाटेवर बैलगाडीखाली निजून हेच केले. रोडग्यांचे जेवण शेतात करावे, घरात नव्हे, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. बैलाच्या जागी बुलेट आली, इतकाच फरक. आणि ती बुलेटही १९५५ पासून मद्रासेस बनू लागलेली, तिकडे विलायतेतील कारखाना १९७० मध्ये बंद पडल्यावर इकडेच जगलेली. आज तिला आमच्याइतकीच देशी मानण्यास हरकत नसावी.

वाहनाबद्दल आर्वीकरांनी तर फारच जपून बोलावे. १९१७ मध्ये कापसासाठी पुलगावाहून आमच्या गावापर्यंत लहान रुळांची आगगाडी आली. ती केव्हाच बंद पडली. आता आमच्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झालेला. पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणून गुरुजी जुन्याच वाटेने जातात. आष्टी, वरुड, मुलताई, बैतूल. तासाला चाळीस किलोमीटर. महामार्गाने गेलेला मनुष्य चार तासांत किती गावे मागे टाकली ते सांगतो. गुरुजी एका गावात काय पाहिले ते सांगतात.

त्यांच्या वह्या आम्ही वाचल्या आहेत. फटफटीचा वाद मिटला असे समजून त्यांनीच त्या आमच्या हवाली केल्या, 'आता नोंदी व्हायच्या नाहीत' म्हणून. शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखलेले. निघाल्याची वेळ, पेट्रोल, मुक्काम, पाणी कोणी दिले, काय बिघडले. वरुडला संत्र्याच्या बागेत ताडपत्री बांधली, मालकाने मृगबहर का धरला नाही ते रात्री दहापर्यंत सांगितले. मुलताईस तापीच्या कुंडाजवळ मुक्काम; टायरचे काम करणारा मुलगा बारावीस गणितात नापास, त्रिकोणमितीत अडलेला. 'दीड तास घेतला. त्याला समजले. पंक्चरचे पैसे त्याने घेतले नाहीत, मी दिले.' चिखलदऱ्याच्या घाटात इंजिन तापले. झाडाखाली बसून थंड होईपर्यंत नोंद लिहिली, तिच्यात पाखरांची नावे. आणि एका पानावर नुसते, 'सेमाडोह. पाऊस. कोणाशी बोललो नाही. बरे वाटले.'

पण येथे आम्हांसच थांबले पाहिजे. त्रिकोणमितीच्या त्या मुलाची गोष्ट पुढे करून आम्हीही मुलांच्याच कोर्टात उभे राहिलो आहोत. जणू वृद्धाचा प्रवास उपयोगी ठरला तरच तो क्षम्य! सेमाडोहच्या पानात कोणाचा काही लाभ नाही. आमचा पक्ष त्याच पानाचा आहे.

आता उरला तो खरा आक्षेप, अपघाताचा. तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत शंभरांत चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची होती. हे आकडे भयंकर आहेत. मेलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे अठरा ते पंचेचाळीस ह्या वयाची होती, असेही तोच अहवाल म्हणतो. मात्र त्यावरून म्हातारे सुरक्षित असा निष्कर्ष काढणे लबाडीचे होईल. रस्त्यावर मुळात तरुणच जास्त असतात. म्हाताऱ्याचे हाड मोडले तर लौकर सांधत नाही, हे सत्य आहे. पण ह्या सत्यावरून निघते काय? लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने मेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी त्यावरून मोटारसायकलीच चुलीत घालाव्या असे म्हटले नाही. डोक्यांच्या जखमांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि शिरस्त्राण जीव वाचविते हे दाखवून दिले. धोक्याला उत्तर देण्याची ही रीत. किल्ली खिशात घालणे ही रीत नव्हे. आणि येथे एक गोष्ट सांगतोच. ज्या धाकट्या चिरंजिवांनी वडिलांच्या हाडांची चिंता वाहिली, ते त्याच संध्याकाळी उघड्या बोडक्याने, बायको आणि पोर मागे घेऊन, स्कूटरवरून बाजारात जाताना आम्ही पाहिले. गुरुजी शिरस्त्राणाशिवाय फाटकाबाहेर पडत नाहीत आणि दिवेलागणीनंतर चाक फिरवीत नाहीत.

ह्या बाबतीत कायदा आमच्यापेक्षा शहाणा निघाला. पंचावन्नाच्या पुढे वाहनाचा परवाना पाच-पाच वर्षांनीच नवा करून मिळतो आणि त्यासाठी वैद्याचा दाखला लागतो. खाजगी गाडीचीही नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. मग तीही तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवितात. जुना मनुष्य आणि जुने यंत्र ह्यांस सरकारने एकच न्याय लावला आहे: वय विचारू नका, तपासून पाहा. घरातल्या न्यायात मात्र तपासणीच नाही. तेथे जन्मतारीख हाच गुन्ह्याचा पुरावा.

आमच्या बाजूने कोणी भलतेच लोक उभे राहू नयेत म्हणून एवढे सांगतो, की चार लाखांचे वाहन, चामड्याचा अंगरखा आणि शंभर जणांचा गलका घेऊन गावे दणाणून सोडणाऱ्या रविवारच्या टोळ्यांशी आम्हांस कर्तव्य नाही. ब्रिटिश लेखक टेड सायमन ह्याने १९७३ मध्ये ट्रायम्फ गाडीवरून निघून चार वर्षे पृथ्वी पालथी घातली, तो एकटा होता. आणि २००१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो पुन्हा त्याच वाटेने निघाला तेव्हाही त्याच्यामागे वाजंत्री नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. ह्या सबंध वादात गुरुजींच्या पत्नीचे नाव कोणी काढिले नाही. त्या वारल्या त्यास सहा वर्षे झाली. वह्यांतील पहिल्या वीस वर्षांच्या नोंदींत 'दोघे' असा शब्द आहे. रोडगे त्यांनीच भाजले असतील. त्यांना फटफटी चालविता येत होती काय, असे आम्ही गुरुजींस विचारले. "आर्वीच्या बाहेर शिकवली होती," ते म्हणाले. "गावात चालवली नाही. लोक हसले असते." आम्ही ते वाक्य ऐकून घेतले. त्या बैठकीत हेच शब्द आमच्या तोंडी होते.

श्रावणात आम्ही चिरंजिवांस दोन पत्रे लिहिली. पहिल्याचे उत्तर आले नाही. दुसऱ्याबरोबर वह्यांतील मुलताईचे पान नकलून पाठविले होते आणि, तत्त्वज्ञान बाजूस ठेवून, सेमाडोहचेही. दसऱ्यास थोरले आले, त्यांनी किल्ली भावाकडून आणून टेबलावर ठेविली आणि दिवसातून एकदा फोन करण्याची अट घातली. गुरुजींनी अट मान्य केली. चार महिने उभी असलेली गाडी काढावयास आम्ही गेलो होतो. ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलके दाबावी, डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन पुढे सरकवावा, मग पूर्ण किक मारावी. हे सारे त्यांनी आम्हांस आठवीच्या वर्गातल्यासारखे समजावून दिले. सातव्या किकेस इंजिन बोलले.

त्यांचा परवाना येत्या महिन्यात नवा करावयाचा आहे. त्यासाठी वर्ध्यास जावे लागेल. डॉक्टरांनी डोळ्यांत दोष काढला तर किल्ली आपण होऊन परत देईन, असे ते म्हणाले आहेत, आणि त्यांचा शब्द आम्ही आठवीपासून ओळखतो. सोमवारी सकाळी निघावयाचे ठरले आहे. मागच्या आसनावर आम्ही.