सर्वानुमते, म्हणजे कोणाकोणाच्या मते?



या अंकासाठी दोन विषय सुचवले गेले होते. एक, मुलींचं प्रेम आणि जोडीदार निवडण्याचा हक्क. दुसरा, राजकारणात अल्पमतात असणाऱ्यांचा आवाज. पाणी, रेशन, रोजगार हमी सोडून प्रेमाबद्दल काय बोलायचं, असंही काही जणी म्हणाल्या. मंगळवेढा तालुक्यात काम करताना मला मात्र हे दोन विषय वेगळे करता येत नाहीत.

प्रेम सांगायला आपल्याकडे मुलीजवळ शब्द नाहीत. लोकांजवळ भरपूर आहेत: लफडं, भानगड, नाद, थेरं. सज्ञान मुलगी स्वतःच्या पायांनी विवाह नोंदणी कार्यालयात गेली, तरी गावाच्या लेखी ती 'पळून गेली', नाहीतर तिला कोणीतरी 'पळवली'. चारचौघांत पुरुषाचं नाव कौतुकाने घ्यायची बाईला एकच मान्य जागा, उखाणा. तोही लग्न ठरवून झाल्यावरचा. किशोरी गटात 'तुला कसा जोडीदार आवडेल?' असं विचारलं की उत्तर येतं, 'घरचे म्हणतील तसा.'

हेच उत्तर ग्रामसभेत 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं जातं. निवडणूक बिनविरोध झाली की गावाची मान ताठ होते. पोरगी शब्दाबाहेर नाही म्हणून घराचीही तशीच होते. या एकमतात गप्प कोण बसलं, हे कोणी विचारत नाही. गावात एकच घर असलेल्या जातीची बाई, मुसलमान वस्तीतली बाई, नवऱ्याने टाकलेली बाई आणि घरातली वयात आलेली मुलगी, या सगळ्यांची गप्प बसण्याची कारणं एकमेकींशी जुळतात.

आपल्या गावाचा इतिहासही हेच सांगतो. पंधराव्या शतकातली कान्होपात्रा मंगळवेढ्याची, गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिने पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला, अशी परंपरा आहे. 'माझ्या शरीराचा निर्णय मी घेणार,' एवढंच तिचं म्हणणं होतं. ते ऐकून घेणारी माणसं तिला मिळाली नाहीत. इथल्याच चोखोबांना आणि सोयराबाईंना विठ्ठलावर प्रेम करता आलं, देवळात पाऊल टाकता आलं नाही. बाराव्या शतकात बसवेश्वर काही काळ मंगळवेढ्यात होते. पुढे कल्याणला त्यांच्या अनुयायांमध्ये ब्राह्मणाची मुलगी आणि चांभाराचा मुलगा यांचं लग्न झालं. दोघांच्याही वडिलांना त्यासाठी देहदंड मिळाला, असं सांगतात. ते बाप मुलांच्या लग्नासाठी मेले. २०१८ साली याच तालुक्यात मनाने लग्न केलेल्या, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून तिच्या वडिलांनाच अटक झाली.

घरात मुलगी एकटी असते आणि बाकी सगळे एका बाजूला. डोकी मोजायची म्हटलं तर ती हरणारच. म्हणूनच हक्क डोकी मोजून ठरवायचे नसतात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा समलिंगी माणसं संख्येने फार थोडी आहेत, हाही मुद्दा निकालात होता. सप्टेंबर २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. संख्या थोडी म्हणून हक्क थोडा होत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने बजावलं की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात जातपंचायतीला ढवळाढवळ करता येणार नाही, आणि अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष हवा.

सरकार मात्र संख्या बघतं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर काही दिवसांतच 'आंतरजातीय' हा शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' ठेवला. कोणाची हरकत ऐकली गेली आणि कोणाची नाही, हे वेगळं सांगायला नको. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची नोटीसही अजून तशीच आहे. जिच्या जिवाला घरूनच धोका आहे, तिचं नाव कार्यालयाच्या फलकावर महिनाभर लावायचं, हे कसलं संरक्षण?

१९९३ पासून पंचायतीत आपल्याला एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवरून 'माझं मत वेगळं आहे' असं म्हणता येणं, हे काम अजून व्हायचं आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे 'सर्वानुमते' लिहिण्याआधी कोणाचं वेगळं मत आहे का, हे विचारू या. एकीचं असलं तरी ते इतिवृत्तात लिहायला लावू या. किशोरी गटात 'मला तो आवडतो' आणि 'मला तो नको' ही दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणायची सवय लावू या. आणि एखादी सज्ञान मुलगी आपल्या दारात आली, तर तिच्या घरी निरोप धाडण्याआधी तिचं म्हणणं ऐकू या, आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात, वकिलाकडे जाऊ या.

तुमच्या गावात, तुमच्या गटात काय घडतं ते आम्हाला जरूर कळवा. मुलीचं नाव आणि गाव मात्र लिहू नका.