शांतिपथ ते मंडावली

२०१२च्या फेब्रुवारीत दिल्लीत दोन ठिकाणी लहान मुलांसाठी गर्दी जमत होती. पहिले ठिकाण चाणक्यपुरीत, शांतिपथावरच्या नॉर्वेच्या दूतावासाबाहेरचे. नोकरीनिमित्त स्टाव्हँगरला राहणाऱ्या एका बंगाली दांपत्याची दोन मुले तिथल्या बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली होती आणि त्यांचे आजी-आजोबा इथे धरणे धरून बसले होते. मुलांना हाताने भरवतात, आईबापांच्या अंथरुणात झोपवतात, अशी कारणे छापून आली आणि देश संतापला. कारणे एवढीच नव्हती, असे नॉर्वेचे म्हणणे होते. पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते. परराष्ट्र खाते कामाला लागले आणि एप्रिलच्या अखेरीस मुले मायदेशी परतली.

दुसरी गर्दी तिथून काही किलोमीटरवर, एम्सच्या ट्रॉमा सेंटरच्या दारात होती आणि ती मुख्यतः कॅमेऱ्यांची होती. १८ जानेवारीला चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीने दोन वर्षांच्या चिमुरडीला तिथे आणले होते. डोक्याला जबर मार, हात मोडलेले, अंगावर माणसाच्या चाव्याचे व्रण. तपासाचे धागे मागे मागे जात राहिले. चिमुरडीची आई विशी-बाविशीची. दुसऱ्या लग्नाचे आमिष दाखवून दलालांनी तिला राजस्थानात नेऊन विकले होते आणि तिची तीन मुले तीन दिशांना गेली होती. धाकटी हातोहात फिरत त्या किशोरवयीन मुलीकडे आली. ही मुलगी स्वतःच घरातल्या मारहाणीला कंटाळून पळालेली, पुढे देहव्यापारात ढकललेली. म्हणजे सांभाळणारीच सांभाळले जाण्याच्या वयाची. १५ मार्चला चिमुरडी गेली.

नॉर्वेवर रागावणे सोपे होते, कारण रागावायला समोर एक दूतावास होता. एम्सच्या प्रकरणात तशी सोय नव्हती. दलाल पकडले गेले, हे बरेच झाले. पण ती तरुण आई एकटी पडली तेव्हा, किंवा ती किशोरी घरातून निघाली तेव्हा, शेजारी, शाळा, अंगणवाडी, पोलीस यांपैकी कुणाचे दार वाजले होते काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. युरोपातली सरकारे कुटुंबात फार लवकर घुसतात, असा आपला आक्षेप असतो. आपले सरकार येते ते बहुधा रुग्णवाहिकेच्या मागोमाग.

तसेच ते मंडावलीला पोहोचले. पूर्व दिल्लीतली ही दाटीवाटीची वस्ती. २४ जुलै २०१८ रोजी तिथल्या एका खोलीतून आठ, चार आणि दोन वर्षांच्या तीन बहिणींना रुग्णालयात नेले गेले, तेव्हा त्यांच्यात जीव नव्हता. शवविच्छेदनात पोटात अन्न सापडले नाही. डॉक्टरांनी उपासमारीकडे बोट दाखवले. बाप सायकलरिक्षा ओढणारा, आणि रिक्षा चोरीला गेलेली. भाडे थकल्याने कुटुंब काही दिवसांपूर्वीच जुनी जागा सोडून या खोलीत आले होते. आई मानसिक आजाराने ग्रासलेली. शिधापत्रिका नव्हती. बाप कामाच्या शोधात बाहेर पडला होता. हा भाग त्या वेळच्या उपमुख्यमंत्र्यांच्या मतदारसंघातला. नंतर सगळ्या पक्षांचे पुढारी येऊन गेले आणि काही दिवस एकमेकांना जाब विचारण्याचा कार्यक्रम झाला.

या घरात कोणता गुन्हा घडला होता? व्यसनी, आळशी, बेजबाबदार ही विशेषणे अशा वेळी पटकन सुचतात. पण रिक्षा, भाडे, आजार आणि कागदपत्र या चार गोष्टी एकाच आठवड्यात कोसळल्या तर सुखवस्तू माणूसही डगमगेल. फरक इतकाच की त्याला कुणीतरी उसने देतो. शिधापत्रिकेचे म्हणाल तर ती सहज मिळण्यातली नव्हतीच. अन्नसुरक्षा कायद्याखाली दिल्लीचा कोटा सुमारे ७२.७८ लाख लाभार्थ्यांवर बांधलेला आहे आणि त्याला आधार आहे २०११च्या जनगणनेचा. त्यानंतर आलेल्या माणसाने जुने नाव वगळले जाण्याची वाट पाहायची. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१मध्ये बजावल्यानंतर गावची शिधापत्रिका इथे चालू लागली. पण त्यासाठी गावी ती असावी लागते.

घरातले मूल कोमेजते आहे हे ज्यांना सर्वांत आधी दिसू शकते त्या अंगणवाडी सेविका. २०२२च्या आरंभी दिल्लीत त्यांनी मानधनवाढीसाठी ३८ दिवस संप केला. उपराज्यपालांनी अत्यावश्यक सेवा कायदा (एस्मा) लावला आणि आठशेहून अधिक जणींना घरी बसवण्यात आले. वस्तीतले डोळे असे काढून घ्यायचे, आणि दुर्घटना घडली की समाज संवेदनशून्य झाला म्हणून गळा काढायचा!

कायदा मात्र शहाणा आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आणि मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची ठरवली. मूल सोपवण्याचा निर्णय आईबापांनी घेतला तर फेरविचारासाठी ६० दिवसांची मुदतही दिली. यामागचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांना सांगितले होते की इथे येऊन सुरक्षित बाळंत व्हा, मूल ठेवून जायचे की बरोबर न्यायचे ते तुम्ही ठरवा. आईला गुन्हेगार न ठरवता मुलाला वाचवण्याची ही रीत होती. आजच्या ६० दिवसांत त्या आईला काय मिळते? समुपदेशन मिळते, आणि ती त्याच खोलीत, त्याच भाड्याच्या तगाद्याकडे परतते.

बालगृहे नकोत, असे म्हणणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल. काही मुलांना घरापासूनच वाचवावे लागते. दिल्लीच्या कुदसिया बागेतले ‘पालना’, स्थानकांवर सापडणाऱ्या मुलांसाठी १९८८पासून झटणारा सलाम बालक ट्रस्ट, फरिदाबादच्या ग्रीनफिल्ड्समधले एसओएस बालग्राम, लहान गटांत घरासारखे वाढवणारी ‘उदयन केअर’ची घरे, या कामाचे मोल कमी नाही. पण आईबाप हयात असताना केवळ खायला-शिकायला मिळावे म्हणून मूल बालगृहात येते, तेव्हा ती व्यवस्था एका वेगळ्याच अपयशाची भरपाई करत असते.

ते अपयश दिल्लीच्या आसपास रोज सकाळी उघड्या डोळ्यांनी पाहता येते. नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांच्या फाटकावर घरकामाला येणाऱ्या बायकांची रांग लागते. त्यांची पोलीस पडताळणी झालेली असते, गळ्यात ओळखपत्र असते, आत गेल्याची वेळ अ‍ॅपवर उमटते. त्यांचे दोन वर्षांचे मूल त्या वेळी कुठे असते, याची नोंद करणारे अ‍ॅप अजून निघालेले नाही. बहुधा ते सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते आणि बहिणीची शाळा बुडालेली असते. ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे आहे.  दहा घरी दहा मालकिणी असलेली बाई यात कुठेच बसत नाही. १९६९मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम राजघाटाजवळ चालू असताना मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केले. ‘मोबाइल क्रेशेस’चा जन्म तो. त्या वेळी तंबू पुरला. आज सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सकाळभर रिकामे पडलेले टेबलटेनिसचे टेबल असते, आणि मुलांसाठी खोली मागितली की सर्वसाधारण सभेत देखभाल-शुल्काचा मुद्दा निघतो.

सरकारी मदतीची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. मूल घरीच राहावे म्हणून ‘मिशन वात्सल्य’मध्ये दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजन आहे. योजना उत्तम. अट अशी की शहरी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला आठ हजार. आणि दिल्लीत एप्रिल २०२५मध्येच अकुशल कामगाराचे किमान वेतन होते महिन्याला १८,४५६ रुपये. मालकाने कायदा पाळला, तर एकट्या कमावत्या विधवेचे मूल या मदतीला अपात्र. तिला निम्म्याहून कमी पगारात राबवले, तर पात्र. किमान वेतन ठरवणारे आणि गरिबीची रेषा ओढणारे एकमेकांना भेटतच नसावेत.

ही उत्पन्नमर्यादा बदलायला कायदादुरुस्ती लागत नाही. ती मार्गदर्शक सूचनांतली आहे आणि केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालय ती निदान किमान वेतनाच्या पातळीवर आणू शकते. तोवर दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश सरकारांनी वरचा भार आपल्या तिजोरीतून उचलावा. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत राज्य दरमहा २,२५० रुपये देतेच, जरी ते वेळेवर येत नाहीत ही तक्रार तिथल्या एकल माता सतत करत असतात. अर्जाबरोबर भाडेकरार आणि उत्पन्नाचा दाखला मागण्याऐवजी अंगणवाडी सेविकेचा आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचा लेखी अहवाल पुरेसा मानावा. मंडावलीतल्या त्या खोलीला ना करार होता ना दाखला. आणि ज्या सेविकांनी हे अहवाल लिहायचे, त्यांच्या मानधनाचा प्रश्न पुढच्या संपाआधीच बैठकीत घ्यावा.