आकडा चढला म्हणजे आजार गेला नव्हे

अंगावर जांभळे डाग, हिरड्यांतून रक्त आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट १० हजार. आपल्याकडे घरचे लगेच डेंग्यू म्हणतात आणि पपईच्या पानांचा रस काढायला घेतात. पण अशीच लक्षणे दाखवणारा आयटीपी हा आजार वेगळा. यात शरीराने स्वतःच बनवलेली प्रतिपिंडे प्लेटलेटना चिकटतात आणि पानथरीतल्या भक्षकपेशी ती खूण ओळखून प्लेटलेट गिळून टाकतात. एरवी ७ ते १० दिवस जगणारी प्लेटलेट कधी कधी काही तासांतच संपते. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटचीही तीच गत होते, म्हणून जिवावरचा रक्तस्राव नसेल तर डॉक्टर त्या चढवत नाहीत. दोष रुग्णाच्या रक्तद्रवात आहे हे अमेरिकेतल्या विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने रुग्णाचे रक्त स्वतःच्या शिरेत घेऊन दाखवले. त्याच्या प्लेटलेट काही तासांत तळाला गेल्या. तो शोधनिबंध १९५१ चा.

उपचारात पहिले औषध बहुधा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड. आठवड्याभरात आकडा चढू लागतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. मात्र तेव्हा प्रतिपिंडे बव्हंशी जागच्या जागी असतात. ढिली पडलेली असते ती भक्षकपेशींची पकड. प्रतिपिंडे लावलेल्या तांबड्या पेशी गिनीपिगच्या रक्तात सोडून हे १९७० च्या दशकातच तपासले गेले: स्टेरॉइड दिल्यावर त्या पेशींचा निचरा मंदावला. प्रतिपिंडे बनणे कमी व्हायला याहून बराच वेळ लागतो, आणि काहींच्या बाबतीत ते घडतच नाही.

एवढे रुग्णाला कुणी नीट सांगत नाही, याची मला खरी चीड येते. मग कुणी आकडा पाहून गोळ्या एकदम थांबवतो. आठवडेच्या आठवडे गोळ्या घेतल्याने शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. रक्तदाब कोसळू शकतो, प्लेटलेटही पुन्हा घसरतात. दुसरा जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन् महिने त्याच गोळ्या आणतो. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि आपल्या देशात दबा धरून बसलेला क्षय डोके वर काढतो. अमेरिकेच्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सुचवले आहे: प्रौढांना पहिल्या उपचारात प्रेडनिसोन (याच जातीचे स्टेरॉइड) सहा आठवड्यांपलीकडे नेऊ नये, डोस उतरवण्याचा काळ धरून.

तेव्हा पहिली गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा: ही कधी आणि कशी उतरवायची? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.