त्या मुलीचे नाव काय?



मुलीने वाचनालयातून आर्थर कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०२) ही शेरलॉक होम्सची कादंबरी आणली. तिने ती दोन दिवसांत संपवली, मला चार रात्री लागल्या. आवडली का, असे तिने विचारले तेव्हा मला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना.

इंग्लंडमधील डार्टमूरच्या ओसाड पठारावर बास्करव्हिल या जमीनदार घराण्याचा वाडा. घराण्याला शाप आहे, आगीने पेटलेला कुत्रा येतो आणि वारसाचा जीव घेतो, अशी वदंता. धुके, घोडे गिळणारी दलदल, रात्रीचे ते विव्हळणे! पाणी प्यायला उठताना मीसुद्धा आधी दिवा लावला, हे कबूल करतो. शेवटी होम्स उलगडा करतो. शाप नाही नि भूत नाही. त्याच घराण्यातील एक जण नाव बदलून शेजारी राहतो, विकत आणलेल्या कुत्र्याला फॉस्फरस फासतो. कशासाठी, तर इस्टेटीसाठी! भीतीमागे कोणाचा तरी हिशेब असतो, हे मुलांना समजावायला असे पुस्तक हाताशी हवेच.

मी हे सांगत होतो तोच मुलगी म्हणाली, "पप्पा, पण त्या मुलीचे नाव काय?"

मी पुन्हा पाने चाळली. शापाचे मूळ असे की, ह्यूगो नावाच्या पूर्वजाने एका शेतकऱ्याची मुलगी पळवून आणून माडीवर कोंडली. ती वेलीला धरून उतरली, घराकडे धावली आणि वाटेत भीतीने व थकव्याने मेली. तिचे नाव कोठेही नाही. वारसाच्या हरवलेल्या बुटाचा शोध लागतो, तिच्या बापाचे काय झाले ते कोणी विचारीत नाही.

दुसरा प्रसंगही मनातून जात नाही. पठारावर एक प्रेत सापडते. जमीनदार मेला असे समजून होम्स हळहळतो. तो जमीनदाराचे जुने कपडे घातलेला फरारी कैदी आहे असे कळताच तो चक्क हसत नाचू लागतो. कैदी खुनी होता, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्याची बहीण त्याच वाड्यात चाकरीला होती, ती मात्र रडते.

शिवाय कवट्या पाहून वंश ओळखणारा डॉक्टर आहे. लेखकाने त्याला गमतीने रंगवले आहे, तरी मला हसू आले नाही. बाबासाहेबांना 'द अनटचेबल्स'मध्ये (१९४८) नाकांच्या मोजमापांचे आकडे तपासून ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवावे लागले होते.

पुस्तक शनिवारी परत करायचे होते. आता मुलांची आई म्हणते, मुदत वाढवून घ्या आणि मला वाचून दाखवा. मुलीने वाचायचे कबूल केले आहे, पण दिवसाउजेडी.